दुसरा गिलास

आमच्या भागात ‘चांगलं’ हा शब्द जपून वापरतात. गाय चांगली म्हणजे ती दूध देते एवढंच नव्हे, बारक्या पोरानं धार काढायला बसलं तरी लाथ मारत नाही. रान चांगलं म्हणजे पीक येतं एवढंच नव्हे, पावसाळ्यात पाणी धरून बसत नाही आणि बांधाला तंटा नाही. माणूस चांगला होता का, हे तर तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडायला किती जण येतात त्यावरून ठरतं. दारूला मात्र हा शब्द लावलेला मी गावात कधी ऐकला नाही. दारू कडक असते, फिक्की असते, पाणी मारलेली असते, जळजळीत असते. चांगली नसते. पिणारासुद्धा तिला चांगली म्हणत नाही. तो म्हणतो, “लागली बरं का!” म्हणजे चवीचा विषयच नाही, तिनं काय केलं एवढंच.

त्यामुळं वयाच्या पासष्टीत हा प्रश्न माझ्यापुढं येईल असं वाटलं नव्हतं. एखादी वस्तू करणाऱ्यानं मन लावून केली, तिच्यात भेसळ नाही, मापात पाप नाही, चवीला ती उतरली. आणि त्याच जातीच्या वस्तूनं गावातली किती घरं बसवली ते आपण डोळ्यांनी बघितलं. मग त्या वस्तूला चांगली म्हणावं का? म्हटलं तर घरं बुडालेल्यांशी बेइमानी होते. न म्हटलं तर आपल्याच जिभेशी खोटं बोलल्यासारखं होतं.

हा प्रश्न माझ्या दारात आला तो गुळाच्या निमित्तानं. म्हणून आधी गुळाचं सांगतो.

आमचं घर पिढीजात गुऱ्हाळाचं. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्हाला ते कागद यायच्या आधीपासून माहीत आहे की गूळ पारखायचा कसा. रस काहीलीत चढला की रानभेंडीचं पाणी घालून मळी वर आणायची, झाऱ्यानं काढायची. चुलवाणात चिपाडं कमी-जास्त करायची. रस आटत येतो तसा गुळव्या एक थेंब गार पाण्यात टाकतो. बोटांत गोळी वळली आणि काहीलीच्या कडेवर मारल्यावर टण्ण वाजली, की गूळ झाला. त्याच्या थोडं आधी उतरवलं तर काकवी, थोडं उशिरा उतरवलं तर करपट. हे सगळं नाक, बोट, कान आणि जीभ यांचं काम आहे. डोळ्याचं काम त्यात सगळ्यांत कमी.

पण बाजारात गेलं की उलटं. सौद्यात व्यापारी रवा फोडतो, आतला रंग बघतो, आणि दर बोलतो. जीभ लावली तर लावली. पिवळाधमक गूळ वरच्या दरानं जातो, तांबूस-काळसर गूळ खाली बसतो. म्हणून काही जण रसात हायड्रॉसची पावडर टाकतात. रंग उजळतो, गुळाची मूळ चव उतरते, आणि पैसे वाढतात. आम्ही ती पावडर टाकत नाही, म्हणून आमचा गूळ काळसर असतो आणि दर कमी मिळतो. पारखणारा चुकीच्या गोष्टीला गुण द्यायला लागला की करणारा हळूहळू चुकीचीच गोष्ट करायला लागतो, हे मी चाळीस हंगाम बघत आलो. पारख ही नुसती मालाची नसते. ती उद्याचा माल कसा होणार ते ठरवत असते.

धाकट्या भावाचा मुलगा सूक्ष्मजीवशास्त्र शिकला आणि पुण्यात एका छोट्या बिअरच्या कारखान्यात लागला. हे कारखाने म्हणजे हॉटेलच्या आवारातच चकचकीत टाक्या. तिथंच करायची, तिथंच विकायची. २००९ सालापासून पुण्यात हा प्रकार सुरू झाला, आता बराच पसरलाय. एका दिवाळीत पोरगं घरी आलं आणि मला म्हणालं, “तात्या, आपला काळा गूळ दहा किलो पाहिजे. पावडर न टाकलेला.” मला वाटलं, मित्रांना वाटायला नेत असेल. त्यानं सांगितलं, “बिअरमध्ये घालायचाय.”

तो ज्या बिअरबद्दल बोलत होता ती आपल्या डोळ्यापुढं येते ती पिवळी, बर्फासारखी गार, फेसाची बिअर नव्हे. त्यानं मला समजावलं ते असं. बिअरच्या दोन मोठ्या जाती, लागर आणि एल. लागर गारव्यात सावकाश आंबते. एलचं यीस्ट उबेला काम करतं आणि आंबताना फळासारखा वास सोडतं. धान्य म्हणजे सातू. ते भिजवायचे, मोड आणायचे, मोड फार वाढायच्या आत वाळवायचे. नाचणीचं सत्त्व करताना आमच्या बायका करतात तेच. त्यातले थोडे सातू कॉफीच्या बियांसारखे काळे होईपर्यंत भाजायचे. सगळेच भाजून चालत नाहीत, कारण काळ्या दाण्याच्या अंगी पिठाची साखर करण्याची ताकद राहत नाही. मग दळून कडत पाण्यात ठेवायचे, गोड पाणी निथळून घ्यायचं, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळायचं, गार करून यीस्ट सोडायचं. कडक करायची असेल तर पाणी तेवढंच आणि धान्य जास्त. आणि मग थांबायचं, कधी कधी महिने-महिने. बेल्जियम देशात अशा काळ्या कडक एलमध्ये बिटाच्या साखरेचा काळा पाक घालतात. याच्या डोक्यात आलं की त्या पाकाच्या जागी आपला गूळ का नको?

मी गूळ दिला. पैसे घेतले. सौद्यात ज्याला सगळ्यांत खालचा दर मिळतो त्याला त्याच्या मालकानं वरचा दर दिला, तोही काळा आहे म्हणून. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात पोरानं मला पुण्याला नेलं. म्हणाला, “तात्या, आमच्याकडं चव बघणारे हायत, पण गुळाचं त्यास्नी कळत न्हाई. तुम्ही बघून सांगा.” मी पिणारा माणूस नाही, पण सोवळाही नाही. हे जिभेचं काम आहे म्हणून बोलावलंय, हे मला पटलं. तिथं आधी एका चिठ्ठीवर एक दिवसाचा परवाना केला. परवाना कोणत्या कायद्याखाली, तर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. पिण्याची परवानगी दारूबंदीच्या कायद्यानं मिळते, हे वाचून मी पोराकडं बघितलं. तो नुसता हसला.

पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळता असा बारका गिलास त्यानं पुढं ठेवला. बर्फगार नव्हे, माठातल्या पाण्यापेक्षा थोडी गार. फार गार केली की वास दबतो, हे गुळाच्या माणसाला सांगावं लागत नाही; थंडीत रव्याला वास येत नाही, उन्हाला धरला की येतो. रंग दिसायला काळा, पण खिडकीच्या उजेडाला धरला तर कडेला काकवीसारखा तांबूस. वरचा फेस दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा. नाक लावलं तर पहिल्यांदा भाजलेल्या धान्याचा वास, मग मनुका-खारकेसारखा काहीतरी, आणि त्याच्या मागून, लांबून, आमच्या काहीलीचा वास. शेवटच्या कढाला काहीलीच्या तोंडाशी उभं राहिलं की येतो तो. मी गिलास खाली ठेवला आणि पुन्हा उचलून हुंगला.

मग घोट घेतला. जिभेच्या शेंड्याला गोडसर, लगेच कडू, मग छातीत ऊब, आणि शेवट कोरडा. गुळाची गोडी कुठं गेली? पोरगं म्हणालं, “यीस्टनं खाल्ली. गुळातली साखर जवळजवळ सगळी खाल्ली जाती, वास तेवढा मागं ऱ्हातो.” गोडी गेली आणि वास राहिला, हे मला कुठंतरी आपल्या वयाचं वर्णन वाटलं. आणखी दोन घोट घेतले. शेवटी जिभेच्या मुळाशी करपल्या भाकरीचा कडवटपणा चिकटून बसत होता. मी म्हणालो, “दाणं भाजताना एक कढ जास्त झालाय. ते गुळाचं न्हवं, सातूचं हाय.” त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

त्यानं मला एक छापील कागदही दिला. अमेरिकेत १९८५ साली बिअर पारखणाऱ्यांची संस्था निघाली, तिच्या पद्धतीचा. एकूण गुण पन्नास. वासाला बारा, दिसण्याला तीन, चवीला वीस, तोंडात कशी भरते त्याला पाच, आणि एकंदरीत कशी वाटली त्याला दहा. मी तो कागद दोनदा वाचला. दिसण्याला पन्नासातले फक्त तीन! आमच्या सौद्यात असा कागद असता तर हायड्रॉसची पावडर कोणी घरात आणली नसती. दारू पारखणाऱ्यांनी जेवढा इमान राखलाय तेवढा अन्न पारखणाऱ्यांनी राखला नाही, हे मला लागलं आणि अजून लागतं. मी वासाला दहा दिले, दिसण्याला तीन, चवीला चौदा, तोंडातल्या भरीवपणाला चार, एकंदरीला सात. अडतीस झाले. अडतीसपासून वर ‘उत्कृष्ट’ धरतात म्हणे. पोराचा चेहरा फुलला.

आता अक्काचं.

अक्का माझी थोरली बहीण. तीस वर्षं झाली, माझ्याकडंच असते. दाजींची ओढ्याकाठची दोन एकर काळी जमीन होती. ती आधी अर्धा एकर गेली, मग एक एकर, मग उरलेली. मग बैल, मग भांडी. शेवटी पोट फुगून, डोळे पिवळे होऊन, बेचाळिसाव्या वर्षी दाजी गेले. अक्का दोन गाठोडी घेऊन आली. तिनं आजवर त्यांच्याबद्दल वाईट शब्द काढला नाही. आमच्या भागात एका गावच्या बायकांनी बाटली आडवी करायला मतदान मागितलं, तेव्हा मात्र ती चालत त्या गावाला गेली. तिथं तिचं मत नव्हतं. नुसती शाळेच्या फाटकापाशी उभी राहिली. तेव्हाचा नियम असा की आलेल्या मतांतली निम्मी पुरत नव्हती; गावातल्या एकूण बायका-मतदारांतल्या निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. म्हणजे जी आली नाही तिचं मत दुकानाच्या बाजूला धरल्यासारखं. अक्का दिवसभर उन्हात एकेकीला म्हणत होती, “जा बाई, जा, माझ्यासाठी जा.”

पुण्याहून आलो त्या संध्याकाळी ती सोप्यात शेंगा फोडत बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं. पोरानं आधीच सांगितलेलं.

“चव कशी हुती रं?” तिनं विचारलं.

“चव चांगली हुती,” मी म्हणालो. तो शब्द असा माझ्या तोंडून गेला.

तिनं चार शेंगा फोडल्या. मग विचारलं, “मग दुसरा गिलास घेटलास?”

“न्हाई.”

“का? चांगली हुती म्हंतोस न्हवं?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी जे उत्तर देणार त्यावर तो अडतीसचा आकडा खरा की खोटा हे ठरणार होतं, असं मला वाटलं. मी म्हणालो, “एक पुरं झाली.” ती म्हणाली, “बरं झालं,” आणि पुढं फोडायला लागली.

तो प्रश्न मी नंतर बरेच दिवस खुरपताना, पाणी पाजताना घोळवला. दुसरा गिलास मी का घेतला नाही? तीन उत्तरं निघतात. एक, ती तितकीशी चांगली नव्हती. हे खरं नाही. दोन, मला भीती वाटली. हे थोडं खरं आहे. ज्या घरात दाजींसारखं मरण झालं त्या घरातल्या माणसाला भीती वाटावीच. तीन, ती इतकी भरीव होती की एकातच मन भरलं. हेही खरं आहे. चांगल्या गुळाचा खडा तोंडात टाकला की माणूस दुसरा लगेच मागत नाही, पाणी पितो आणि गप बसतो. नुसती साखर खाणाराच बकाणे भरतो.

पण पोराच्या मालकाच्या वहीत काय असणार? त्याच्या वहीत ‘चांगली’ म्हणजे जिचा दुसरा गिलास मागितला जातो ती. अक्काच्या वहीत ‘चांगली’ म्हणजे, असलीच तर, जिचा दुसरा मागावा लागत नाही ती. शब्द एक आणि अर्थ एकमेकांच्या उलटे. पन्नास गुणांच्या त्या कागदावर यातला एकही अर्थ नाही. तो कागद पहिल्या गिलासापाशी थांबतो. पारखणारा दोन-चार घोट घेतो, लिहितो, उठतो. घर बुडतं ते तिथून पुढं.

मी हे फोनवर पोराला सांगितलं. तो शिकलेला आहे, वाद घालतो, आणि मला ते आवडतं. तो म्हणाला, “तात्या, दाजी दारू प्यालं, चव कधी घेटली न्हाई. आमच्याकडं माणूस एक गिलास तासभर घेऊन बसतो. ही दारूच येगळी.”

यातलं अर्धं खरं आहे. दाजी कसे पीत ते मी बघितलंय. डोळे मिटायचे, श्वास रोखायचा, एका दमात गिलास रिकामा करायचा आणि वरून मिठाची चिमूट जिभेवर. चव लागू नये म्हणूनच सगळी धडपड. त्या दारूत चव घेण्यासारखं काही नव्हतंही. जो चव घ्यायला शिकला तो सावकाश पिणार, हे मला पटतं.

उरलेलं अर्धं मात्र मला पटत नाही. मी त्याला गणित घालून दिलं. तुझी एल आठ टक्क्यांची. तीनशे मिलीचा गिलास धरला तर नुसतं अल्कोहोल चोवीस मिली. बाजारातली पाच टक्क्यांची साधी बिअर तेवढीच घेतली तर पंधरा. म्हणजे तुझे दोन गिलास म्हणजे तिचे तीनाच्या वर. यकृताला गुणपत्रिका वाचता येत नाही. त्याला मनुका-खारकेचा वास कळत नाही, चोवीस मिली कळतं.

आणि दुसरं, जे बोलायला मला जड गेलं. त्या एका गिलासाला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात आमच्या रानात बाई दिवसभर वाकून भांगलते. म्हणून तिथं बसणारा एकावर थांबत असेल, तर ते चवीनं थांबतो की बिलानं? आणि ज्याच्या खिशाला बिल लागत नाही, तो कशानं थांबतो? आठवडी बाजारात देशीच्या दुकानापुढं उभा राहतो त्याला आपण दारुडा म्हणतो. काचेच्या खोलीत बसतो त्याला शौकीन म्हणतो. कपड्यावरून शब्द बदलला. ही नीतीची पारख झाली नाही. ही सौद्यातल्या रंगाचीच पारख झाली, पिवळ्याला वरचा दर.

पोरगं थोडा वेळ गप्प राहिलं. मग म्हणालं, “मग सगळी दारू सारखीच म्हणा की.” तेही मला म्हणता येईना, कारण मी चव घेतली होती. सगळी दारू सारखी म्हणणं म्हणजे सगळा गूळ सारखा म्हणण्यासारखं. ज्यानं मन लावून केलं त्याला आणि ज्यानं काहीबाही घालून नुसतं कडक केलं त्याला एकाच पारड्यात टाकायचं. विषारी दारूनं माणसं मरतात ती याच ‘सारखीच’मुळं, प्यायची ती वाईटच आहे, तर तिच्यात काय घातलंय हे विचारायचं कुणी?

सरकारलाही हे पारडं कधी जमलं नाही. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ साली केली आणि २०२१ साली उठवली. एकाच राज्यात एका जिल्ह्यात गुन्हा, शेजारच्या जिल्ह्यात महसूल. मी सरकारला हसत नाही. माझ्याच डोक्यात जर दोन जिल्हे असतील तर सरकारचं काय सांगावं?

या गुंत्यात पोरानंच मला एक गोष्ट सांगितली, आणि ती मला फार उपयोगी पडली. बेल्जियमच्या पश्चिम टोकाला वेस्टव्लेटेरेन नावाच्या गावी ख्रिस्ती संन्याशांचा एक मठ आहे. १८३१ साली स्थापन झालेला. ते संन्यासी बिअर करतात. त्यांची एक काळी कडक एल आहे, दहा टक्क्यांच्या वर. तेव्हा बाटलीला चिठ्ठी नव्हती, बुचाचा रंग पिवळा, एवढीच ओळख. २००५ साली बिअर पारखणाऱ्या लोकांनी तिला जगात पहिला नंबर दिला. मठाच्या दारात गाड्यांच्या रांगा लागल्या, साठा संपला. कुठलाही कारखानदार काय करील? टाक्या वाढवील. संन्याशांनी वाढवल्या नाहीत. मठ चालायला लागतं तेवढंच करायचं, आधी नाव नोंदवायचं, मोजकी खोकी न्यायची, आणि नेलेली पुढं विकायची नाही, हा त्यांचा नियम राहिला. मध्यंतरी मठाच्या इमारतीच्या कामाला पैसा लागला, तेव्हा तेवढ्यापुरती एकदा परदेशी पाठवली, आणि पुन्हा बंद.

याच पंथाचा वेस्टमाल नावाचा दुसरा मठ. तिथंही बाहेर विकायला कडक एल करतात, पण स्वतःच्या पंगतीला हलकी बिअर वेगळी करतात. त्यांचा मूळ नियम लिहिणारे संत बेनेडिक्ट दीड हजार वर्षांपूर्वीचे. दुसऱ्यानं किती प्यावं याचं माप ठरवताना त्यांनाही संकोच वाटला होता, असं त्यांच्या नियमात आहे. तरी त्यांनी द्राक्षाच्या दारूचं रोजचं माप घालून दिलं, आणि ज्याला अजिबात न घेण्याची ताकद देवानं दिलीय त्याची वेगळी कमाई मानली.

मला त्यात धर्म नव्हे, शेतकी दिसली. पाटाच्या पाण्याला दार असतं. पाणी चांगलं की वाईट हे पाण्यावर ठरत नाही, दार कुणाच्या हातात आहे त्यावर ठरतं. उसाला पाणी अमृत, पण दार उघडंच ठेवलं की तीच जमीन क्षारानं पांढरी पडते. आमच्या नदीकाठची किती रानं अशी मिठागरं झालीत. त्या संन्याशांनी दाराला दोन कड्या घातल्या. एक करणाऱ्याच्या बाजूनं, इतकंच करीन. एक पिणाऱ्याच्या बाजूनं, इतकंच घेईन. दाजींच्या बाजूला एकही कडी नव्हती. विकणाऱ्यानं उधारीवर दिलं, जमीन लिहून घेतली. पिणाऱ्याला ‘पुरे’ म्हणता येईना. ज्याला म्हणता येत नाही अशा माणसाला हा शब्द शिकवता येत नाही, हेही मी बघितलंय. त्यावर रागावून उपयोग नसतो, तो आजारी असतो. म्हणून त्याच्या गावची बाटली आडवी झाली तर मी आनंदानं पेढे वाटीन.

तर माझा निवाडा असा झाला. चवीची पारख खरी ठेवायची. अडतीस तर अडतीस. अक्काच्या दुःखापोटी मी ते अठ्ठावीस करणार नाही, कारण खोट्या पारखीनं माल आणि माणूस दोन्ही बिघडतात. पण तो अर्धा निवाडा. कडक वस्तूच्या बाबतीत ‘पुरे’ हाही तिच्या गुणातलाच भाग धरायला पाहिजे. किती केली, कुणाला दिली, दुसरा गिलास कुणी आणि का मागितला, हे विचारल्याशिवाय ‘चांगली’ हा शब्द पुरा होत नाही. तोवर ‘चवीला चांगली’ एवढंच म्हणावं आणि थांबावं. मी पोराला तेवढं सांगितलं. ‘तुझ्या मालकाला सांग, ही एल बारक्या गिलासातनंच द्यावी,’ हेही सांगितलं. मालक काय करतो ते मालकाच्या मनावर.

यंदा त्यानं शंभर किलो गूळ मागितलाय. सौद्यातला दर बघता नाही म्हणायची ऐपत माझी नाही, आणि गूळ देण्यात पाप आहे असंही माझं मन सांगत नाही. तरी मी अक्काला विचारलं. ती चुलीपुढं होती. म्हणाली, “दे की. गुळाचा काय गुन्हा? पण त्या पैशाचं माझ्या ताटात काय घालू नगंस.”

मी गूळ दिला. पैसे आले ते कपाटात एका पिशवीत वेगळे ठेवलेत. त्यातला रुपयाही अजून घरखर्चाला घेतलेला नाही, आणि त्यांचं काय करायचं ते माझं अजून ठरलेलं नाही.